‘वंडरवॉल’ (१९६८): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमध्ये तयार झालेल्या या छोट्या, रंगीबेरंगी विनोदी सिनेमाचं बरंचसं संगीत मुंबईच्या फोर्टमध्ये रेकॉर्ड झालं आहे. सिनेमा फारसा कुणी पाहिलेला नसतो. संगीताबद्दल अर्धवट काहीतरी कानावर आलेलं असतं. त्यामुळे प्रश्न पुन्हापुन्हा तेच येतात. ते सगळे इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपली, काही लांबली, कारण तिथे सांगण्यासारखं खूप होतं.

‘वंडरवॉल’ म्हणजे ओएसिसचं गाणं ना?

गाणं १९९५चं, सिनेमा १९६८चा. ओएसिस या ब्रिटिश बँडच्या नोएल गॅलेगरने गाण्याला हे नाव दिलं ते बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्यूझिक’ या अल्बमवरून, आणि तो अल्बम म्हणजे या सिनेमाचं संगीत. गाण्याच्या आशयाचा सिनेमाच्या गोष्टीशी काहीही संबंध नाही. मात्र इंटरनेटवर सिनेमा शोधताना आधी गाण्याचेच शेकडो दुवे समोर येतात, म्हणून दिग्दर्शकाचं नाव जोडून शोधा : जो मॅसॉट.

गोष्ट काय आहे?

प्रोफेसर ऑस्कर कॉलिन्स हा एकटा राहणारा, विसरभोळा शास्त्रज्ञ. दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जंतू बघायचे आणि संध्याकाळी कागदपत्रं, पुस्तकं, जुन्या सामानाने गच्च भरलेल्या अंधाऱ्या घरी परतायचं, एवढंच त्याचं आयुष्य. शेजारच्या फ्लॅटमध्ये पेनी लेन नावाची एक मॉडेल तिच्या मित्रासोबत राहते. तिथे रात्री-बेरात्री गाणी वाजतात, पार्ट्या होतात, फोटो काढले जातात. एके रात्री प्रोफेसरला मधल्या भिंतीत एक भोक सापडतं. त्यातून पलीकडचा उजेड त्याच्या खोलीत येतो आणि पेनी दिसते.

तिथून पुढे तो माणूस भिंतीपासून हलत नाही. एका भोकाची अनेक होतात, विटा निघतात, कामावर दांड्या पडू लागतात. ऑफिसातले लोक काळजीत पडतात. जागेपणी तो भोकाला डोळा लावून बसतो आणि झोपेत पेनीच्या मित्राशी द्वंद्वयुद्ध खेळतो. त्या स्वप्नातली शस्त्रं म्हणजे माणसाएवढं पेन, लिपस्टिक असल्या वस्तू.

यापुढचं वाचल्यावर शेवट कळेल, तेव्हा सिनेमा आधी पाहायचा असेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा. पेनीला दिवस गेलेले असतात, मित्र तिला सोडून जातो आणि ती गोळ्या घेऊन जीव द्यायचा प्रयत्न करते. हे कळतं फक्त एकाच माणसाला, कारण भिंतीपलीकडून बघणारा तो एकटाच असतो. तो तिच्या घरात शिरतो आणि तिचा जीव वाचतो.

याला विनोदी सिनेमा का म्हणतात? हसू येतं का?

येतं, पण संवादांमुळे नाही. यातला विनोद मूकपटांच्या जातीचा आहे : धडपड, चेहरे, वस्तूंशी चाललेली झटापट. आपल्याच घराची भिंत पोखरणारा माणूस किती गंभीरपणे पोखरतोय, हे बघताना हसू फुटतं. त्या काळात लंडनमध्ये ज्यांना ‘सायकेडेलिक’ (नशेतल्या भासांसारखे, भडक रंगांचे) म्हणत असे अनेक सिनेमे निघाले. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत तरुणांची मजा आणि म्हाताऱ्यांची टिंगल एवढंच होतं. ‘वंडरवॉल’ मात्र म्हाताऱ्याच्या बाजूला बसून तरुणांकडे बघतो, म्हणून तो वेगळा. पलीकडचं जग किती सुंदर आहे आणि आपल्याला त्यात प्रवेश नाही, ही प्रोफेसरची तगमग मॅसॉटने मनापासून दाखवली आहे.

तरी सांगायला हवं की पटकथा विरळ आहे. मधला अर्धा तास रेंगाळतो, स्वप्नांमागून स्वप्नं येत राहतात आणि गोष्ट जागची हलत नाही. ज्यांना घट्ट बांधलेला सिनेमा आवडतो त्यांना तिथे कंटाळा येईल.

कोणी केला हा सिनेमा?

दिग्दर्शक जो मॅसॉट हा मूळचा न्यूयॉर्कचा, साठच्या दशकात लंडनमध्ये काम करणारा. त्याची ही पहिलीच पूर्ण लांबीची फिल्म. पुढे लेड झेपेलिन या बँडवरच्या ‘द साँग रिमेन्स द सेम’चं काम त्याने सुरू केलं होतं. मूळ कथा जेरार ब्राकची. रोमन पोलान्स्कीच्या सिनेमांचा सहलेखक तो हाच. पटकथा लिहिली गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते याने. क्यूबा सोडून लंडनला आलेला हा मोठा कादंबरीकार, ज्याला १९९७मध्ये स्पॅनिश साहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा सेर्व्हान्तेस पुरस्कार मिळाला. अशा माणसाने जवळजवळ संवादच नसलेला सिनेमा लिहिला, याचं मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

पेनीचं काम जेन बर्किनने केलं आहे. तेव्हा ती विशीची होती आणि ‘ब्लो-अप’मधल्या छोट्या भूमिकेमुळे लोकांना चेहऱ्याने ठाऊक होती. तिला फ्रान्समध्ये जी अफाट प्रसिद्धी मिळाली ती यानंतरची. पेनीचा मित्र झाला आहे इयन क्वारियर. कामवाल्या बाईंच्या भूमिकेत आयरीन हँडल ही ब्रिटिश विनोदी सिनेमांतली मुरलेली नटी आहे. ती पडद्यावर आली की सिनेमात एकदम जान येते.

प्रोफेसरचं काम करणारा नट कोण? तो ओळखीचा वाटतो.

जॅक मॅकगाउरन. डब्लिनचा, १९१८चा जन्म. सॅम्युएल बेकेटची नाटकं रंगभूमीवर आणणाऱ्या मोजक्या मोठ्या नटांपैकी एक, आणि बेकेटचा मित्र. तुम्हाला तो ओळखीचा वाटतो तो बहुधा ‘द एक्झॉर्सिस्ट’मुळे. त्यात तो दारुड्या दिग्दर्शकाच्या भूमिकेत होता, आणि ते काम संपल्यावर लवकरच, १९७३ साली, तो न्यूयॉर्कमध्ये वारला.

‘वंडरवॉल’ मॅकगाउरनच्या खांद्यांवर उभा आहे. काही न बोलता नुसता बसलेला माणूस बघत राहावासा वाटणं ही बेकेटच्या रंगमंचावर कमावलेली गोष्ट. भोकातून पहिल्यांदा पेनी दिसते तेव्हाचा त्याचा चेहरा नीट पाहा. त्यात वासना आहे, पण त्याहून जास्त थक्क होणं आहे. सूक्ष्मदर्शकात कधी न पाहिलेला जीव दिसावा तसा तो बघतो. हा भाव त्याने हरवू दिला असता तर सिनेमा नुसता किळसवाणा झाला असता.

पलीकडची खोली इतकी रंगीत कुणी केली?

‘द फूल’ नावाच्या डच कलावंतांच्या गटाने. सिमॉन पोस्टुमा आणि मारायके कोगर हे त्यातले मुख्य. बेकर स्ट्रीटवर बीटल्सनी डिसेंबर १९६७मध्ये उघडलेल्या ॲपल बुटीकच्या बाहेरच्या भिंतीवर तीन मजली चित्र काढलं ते यांनीच. आसपासच्या दुकानदारांच्या तक्रारींमुळे काही महिन्यांतच ते पुसून भिंत पांढरी करावी लागली. ती भिंत गेली, पण त्यांची रंगांची समज पडद्यावर बघायची तर ‘वंडरवॉल’ हे उत्तम ठिकाण आहे. कलादिग्दर्शक अ‍ॅश्टन गॉर्टन, ‘ब्लो-अप’चा. त्याने प्रोफेसरचं घर तपकिरी, हिरवट, धुळकट ठेवलं आणि पलीकडे सगळे रंग उधळले. संवाद कमी असूनही गोष्ट कळते ती या दोन खोल्यांमुळेच.

त्या काळाचं काउंटरकल्चर म्हणजे नेमकं काय, आणि सिनेमात ते किती आहे?

थोडक्यात : १९६६ ते १९६९च्या आसपास लंडनमधल्या तरुणांनी आईबापांची नोकरी-घर-चर्च ही चाकोरी नाकारली. स्वतःची वर्तमानपत्रं काढली, ‘यूएफओ’सारखे रात्रभर चालणारे क्लब उघडले, नशेचे प्रयोग केले, कपडे आणि केस बदलले, पूर्वेकडच्या संगीतात आणि अध्यात्मात काहीतरी शोधू पाहिलं. राजकारण होतंच. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध लंडनमध्ये मोठाले मोर्चे निघाले. ‘वंडरवॉल’मध्ये राजकारण अजिबात नाही. त्यात आहे ती या चळवळीची सजावट आणि तिची नशा. मात्र पेनीला मित्र सोडून जातो त्या प्रसंगात सिनेमा एक खरी गोष्ट दाखवतो : त्या मोकळेपणाची किंमत बहुतेक वेळा मुलींनी मोजली.

संगीत जॉर्ज हॅरिसनकडे कसं गेलं?

मॅसॉटने त्याला विचारलं तेव्हा १९६७ संपत आलं होतं. सिनेमाला संगीत कसं देतात हे आपल्याला माहीत नाही, असं हॅरिसनने सांगून टाकलं. तू जे देशील ते मी वापरीन, असं मॅसॉटने कबूल केलं, आणि त्याने शब्द पाळला. हॅरिसनने लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत सिनेमाचे कच्चे तुकडे पाहिले, हातात स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक प्रसंगाचे सेकंद मोजले आणि त्या मापाने तुकडे बसवले. बीटल्सपैकी कुणी स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम. बीटल्सच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचाही हा पहिला एलपी. ब्रिटनमध्ये तो १ नोव्हेंबर १९६८ रोजी निघाला, म्हणजे बीटल्सच्या स्वतःच्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बमच्याही तीन आठवडे आधी.

मग मुंबईच का? लंडनमध्ये भारतीय वादक नव्हते?

होते. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बममधल्या आपल्या गाण्यासाठी हॅरिसनने लंडनच्या एशियन म्यूझिक सर्कलमधले वादकच घेतले होते. पण तोवर मुंबई त्याच्या परिचयाची झाली होती. सप्टेंबर १९६६मध्ये तो पत्नी पॅटीसोबत रविशंकरांकडे सतार शिकायला आला आणि ताजमध्ये उतरला. लोकांना सुगावा लागला तशी हॉटेलबाहेर गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि शेवटी गुरुशिष्य काश्मीरला गेले. या मुक्कामात त्याचा रियाज करून घेणारे शंभू दास हे रविशंकरांचे शिष्य. रविशंकरांनी मुंबईत सुरू केलेल्या किन्नरा संगीत विद्यालयाशी ते जोडलेले होते. वादक कोण घ्यायचे, कुणाला कुठे गाठायचं, हे ठरवायला शंभू दास असल्यावर हॅरिसनला लंडनमध्ये शोधाशोध करायची गरज उरली नव्हती.

दुसरं कारण त्याने स्वतः पुढे सांगितलं आहे. सिनेमाच्या निमित्ताने भारतीय वाद्यांचा एक छोटा नमुनासंग्रहच तयार करावा आणि पाश्चात्त्य श्रोत्यांच्या कानावर तो घालावा, असं त्याच्या मनात होतं. अल्बम ऐकताना हे जाणवतं. शहनाई, सरोद, सुरबहार, संतूर, तारशहनाई, तबलातरंग, पखवाज : एकेका वाद्याला थोडी थोडी जागा दिलेली आहे.

रेकॉर्डिंग मुंबईत नेमकं कुठे झालं?

फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. काम ९ जानेवारी १९६८च्या सुमारास सुरू झालं आणि आठवडाभराच्या आत आटोपलं.

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकच्या मशीनवर काम करून आलेल्या माणसाला इथे एक जुनं मोनो मशीन दिसलं. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या भारतातल्या शाखेचे प्रमुख भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून स्टिरिओ मशीन आणवलं, तेव्हा कुठे दोन ट्रॅक हाती आले. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ईएमआयच्या जगभरच्या कारभाराचे प्रमुख झाले. स्टुडिओला ध्वनिरोधक व्यवस्था जेमतेम होती. रस्त्यावरचे टॅक्सीचे हॉर्न आत यायचे. संध्याकाळी साडेपाचला वरखालची ऑफिसं सुटली की जिन्यावर उतरणाऱ्या पावलांचा एवढा गलका व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. नीट कान देऊन ऐकलं तर काही तुकड्यांत टॅक्सी जाताना ऐकू येतात, असं हॅरिसननेच सांगितलं आहे.

ज्यांनी फोर्टमध्ये नोकरी केली आहे त्यांना ती साडेपाचची वेळ वेगळी सांगायला नको. चर्चगेट किंवा व्हीटीकडे निघालेले ते कारकून, टायपिस्ट, शिपाई आपल्या पावलांनी कोणाचं काम अडवतायत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. जिना शांत होईपर्यंत आत सरोद, शहनाई आणि पखवाज खाली ठेवून वादक थांबलेले असायचे.

कुणी कुणी वाजवलं? मराठी कुणी होतं का?

सरोदवर आशिष खान, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र यांचा. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाद यांच्याकडे. शहनाईला दोन जण होते, शरद आणि हनुमान. सुरबहार वाजवलं आहे चंद्रशेखर नारिंग्रेकर यांनी आणि बासरी एस. आर. केंकरे यांनी. ही दोन नावं वाचताना आपल्याकडचा माणूस थबकतोच. पण अल्बमच्या कव्हरवर नारिंग्रेकरांचं आडनाव छापलेलं नाही, नुसतं ‘चंद्र शेखर’ आहे. नावं दिली हे त्या काळाच्या मानाने चांगलंच. पण एकाच्या नावातून आडनाव गळतं आणि मग साठ वर्षं कुणाला ते कोण हे कळत नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून मी हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी त्याचं उत्तर देतो.

वयं बघा : शिवकुमार शर्मा तेव्हा जेमतेम तिशीचे, आशिष खान त्यांच्याहून लहान. संतूर शास्त्रीय मैफलीत बसू शकतं की नाही यावर अजून वाद चालू होता. हे तरुण वादक एका दिवशी हिंदी सिनेमाचं पार्श्वसंगीत वाजवत, दुसऱ्या दिवशी आकाशवाणीवर राग मांडत. इतक्या सेकंदांत इतका भाव, अशी मागणी आली तर ती पुरी करायची सवय त्यांना स्टुडिओतल्या कामाने लागलेली होती. स्टॉपवॉच घेऊन आलेल्या पाहुण्याला यांच्याइतके योग्य वादक जगात दुसरीकडे मिळाले नसते, असं माझं ठाम मत आहे.

तारशहनाई म्हणजे शहनाईच ना?

नाही. ते गजाने वाजवायचं तंतुवाद्य आहे. इसराजसारख्या वाद्याला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे आवाज शहनाईच्या जवळ जातो. अल्बममधला ‘क्राइंग’ हा छोटा तुकडा ऐका. रडणं नुसतं सुरांतून कसं उभं राहतं ते कळेल.

सिनेमात हे संगीत करतं काय?

पेनीला जवळजवळ संवाद नाहीत आणि प्रोफेसर एकटाच असतो, त्यामुळे कुणाच्या मनात काय चाललंय हे संगीतालाच सांगावं लागतं. सुरुवातीला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालचे जंतू दिसतात आणि त्यावर शहनाई येते. आपल्या कानाला शहनाई म्हणजे लग्नघर. पण इथे त्याच आवाजाला एक गंभीर, दूरचा रंग आहे, आणि काचेखालच्या त्या क्षुद्र जिवांना एकदम विश्वाची खोली मिळते. प्रोफेसर भिंत पोखरतो तिथे मात्र जुन्या इंग्लिश तमाशाघरांतल्यासारखा खट्याळ पियानो आहे. त्या तुकड्याचं नाव ‘ड्रिलिंग अ होम’.

सगळ्यात सुरेख तुकडा ‘लव्ह सीन’. त्यात दोन सरोद एकमेकांना साद देतात, उत्तर देतात, मग एकमेकांत मिसळतात. दोन्ही आशिष खान यांचेच. आधी एक वाजवून घेतला, मग तो ऐकत त्यावर दुसरा. जुगलबंदी म्हटली की समोर दुसरा माणूस लागतो. इथे एका कलावंताने स्वतःशीच जुगलबंदी केली आणि तीही प्रणयाच्या प्रसंगासाठी. पडद्यावरचा प्रसंग साधा आहे. त्याला उंची दिली आहे ती या चार मिनिटांच्या वादनाने.

‘गत किरवाणी’ हा तुकडा नावाप्रमाणेच किरवाणी रागातला आहे. सिनेमा न पाहताही तो ऐकता येतो, इतका तो स्वतंत्र आहे.

एरिक क्लॅप्टन आणि रिंगोही यात आहेत, हे खरं?

खरं आहे. लंडनला रेकॉर्ड झालेल्या भागात क्लॅप्टनने गिटार वाजवली आहे आणि ‘स्कीइंग’मध्ये ती धडधडीत ओळखू येते. करारांच्या भानगडींमुळे नाव ‘एडी क्लेटन’ असं लावलं. बीटल्सचा ड्रमर रिंगो ‘रिची स्नेअर’ झाला. बाकीची बाजू लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ या बँडने सांभाळली आणि वाद्यवृंदाची जुळवाजुळव जॉन बारहॅमने केली. बारहॅम पियानोवादक होता आणि रविशंकरांसोबत काम केलेला, त्यामुळे दोन्हीकडची भाषा त्याला येत होती.

‘द इनर लाइट’ हे बीटल्सचं गाणं याच वेळचं का?

हो. ‘वंडरवॉल’साठी स्टुडिओ हाताशी होता, वादक होते, तेव्हा हॅरिसनने एका गाण्याची सुरावटही तिथेच रेकॉर्ड करून घेतली. हरिप्रसाद चौरसियांचं नाव या कामाशी जोडलं जातं ते मुख्यतः याच गाण्यातल्या बासरीमुळे. शब्द चिनी ‘ताओ ते चिंग’वरून घेतलेले आहेत. ते त्याला केंब्रिजमधले संस्कृतचे प्राध्यापक हुआन मास्कारो यांनी सुचवले. गायन फेब्रुवारीत ॲबी रोडला झालं आणि मार्च १९६८मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते निघालं. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. तिच्यातलं प्रत्येक वाद्य फोर्टमध्ये वाजलेलं आहे.

अल्बमच्या कव्हरवरच्या भिंतीत एक वीट का नाही?

बॉब गिल या चित्रकाराने लाल विटांची मोठी भिंत काढली. अलीकडे काळा कोट आणि गोल हॅट घातलेला इंग्रज, पलीकडे स्नान करणाऱ्या भारतीय स्त्रिया. भिंत आधी अखंड होती. एक वीट काढा, त्या बिचाऱ्याला काहीतरी संधी द्या, असं हॅरिसनने सुचवलं. सिनेमाचं सार त्या एका विटेत आलं आहे.

सिनेमा चालला का?

नाही. पहिला खेळ कान महोत्सवात १७ मे १९६८ रोजी झाला. हॅरिसन आणि रिंगो दोघेही पत्नींसह हजर होते. पण त्याच वेळी फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले होते. दोन दिवसांनी, १९ मे रोजी, गोदार, त्रुफो आदी फ्रेंच दिग्दर्शकांच्या आग्रहामुळे महोत्सवच बंद पडला. खऱ्याखुऱ्या बंडाच्या दिवसांत भिंतीतल्या भोकाची गोष्ट कोण बघणार! लंडनमध्ये तो १९६९च्या सुरुवातीला लागला आणि लवकरच विसरला गेला. अल्बमचं मात्र अमेरिकेत बरं चाललं, बिलबोर्डच्या यादीत तो ४९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

चोरून बघणाऱ्या माणसाला नायक करणं आज कसं चालेल?

चालू नये असंच माझं म्हणणं आहे, आणि ते मनात ठेवूनच सिनेमा पाहावा. एका तरुणीच्या घरात तिच्या नकळत डोकावणं हा गुन्हा आहे. तिचा जीव त्यामुळे वाचला, म्हणून ते बघणं पवित्र होत नाही. सिनेमाची मोठी कमतरता ही की आपण कायम प्रोफेसरच्या डोळ्यांनी पाहतो. पेनीला काय वाटतं, तिला कुणी विचारत नाही, तिला बोलायलाही मिळत नाही. जेन बर्किनच्या चेहऱ्यावर शेवटाकडे जो थकवा दिसतो त्यावरून जाणवतं की तिला संवाद दिले असते तर ही भूमिका कुठल्या कुठे गेली असती.

तरीही मी हा सिनेमा पाहायला सांगतो. प्रोफेसर जिला अप्सरा समजतो ती एकटी, घाबरलेली मुलगी आहे, हे तो शेवटी तरी पाहतो. तेव्हाच तो भिंतीपासून उठतो.

हॅरिसनने आपलं संगीत उचललं असं म्हणायचं का?

अल्बमपुरतं बोलायचं तर नाही. वादकांना त्याने त्यांच्याच पद्धतीने वाजवू दिलं, वाद्यं गिटारांखाली दाबली नाहीत, नावं छापली. स्वतः तो मुंबईच्या बहुतेक तुकड्यांत वाजवतही नाही. सिनेमापुरतं बोलायचं तर तक्रारीला जागा आहे. तिथे सतार-सरोद वाजले की स्वप्न किंवा शृंगार सुरू झाला असं समजायचं, हा साठच्या दशकातल्या पाश्चात्त्य सिनेमांचा ठसा इथेही आहे. किरवाणीचं त्या खोलीतल्या उशा-पडद्यांशी काही नातं नाही.

घरी मुलांसोबत पाहता येईल का?

नको. नग्नता आहे, नशेचे प्रसंग आहेत आणि गोळ्या घेण्याचा प्रसंग बराच लांबवला आहे. ज्यांना तो विषय जवळून सोसावा लागला आहे त्यांनीही हे आधी लक्षात घ्यावं.

इंग्रजी नीट कळत नाही. अडचण येईल?

अजिबात नाही. इतक्या कमी संवादांचा इंग्लिश सिनेमा विरळा.

वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत म्हणतात. कुठली पाहायची?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॅसॉटने सिनेमाची डागडुजी करून नवी, आटोपशीर आवृत्ती तयार केली. त्यासाठी हॅरिसनकडच्या जुन्या टेपा धुंडाळताना रेमो फोरचं ‘इन द फर्स्ट प्लेस’ हे विसरलं गेलेलं गाणं सापडलं आणि ते नव्या आवृत्तीत घेतलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याने तीच पाहावी. रेंगाळणारे प्रसंग कमी झाले आहेत आणि रंग स्वच्छ आहेत. मूळ लांब आवृत्ती अभ्यासकांसाठी.

हॅरिसनचा विनोदी सिनेमाशी संबंध पुढे राहिला का?

राहिला, आणि भरभक्कम. १९७८मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’चा पैसा ऐन वेळी आटला, तेव्हा हॅरिसनने स्वतःचं घर गहाण टाकून सिनेमा वाचवला. त्यातून ‘हँडमेड फिल्म्स’ ही कंपनी उभी राहिली. साठच्या दशकाची अखेर दाखवणारा ‘विथनेल अँड आय’ हा १९८७चा सिनेमाही तिचाच.

सिनेमा नाही पाहायचा, फक्त संगीत ऐकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

अल्बम सुरुवातीपासून लावू नका. त्यात १९ तुकडे आहेत, काही मिनिटभराचे, आणि भारतीय-पाश्चात्त्य अशी सतत अदलाबदल असल्यामुळे पहिल्या ऐकण्यात कान गोंधळतात. आधी ‘लव्ह सीन’ शांतपणे, हेडफोन लावून ऐका. मग ‘गत किरवाणी’, मग ‘क्राइंग’, मग ‘गुरू वंदना’. त्यानंतर क्लॅप्टनचं ‘स्कीइंग’ लावा म्हणजे दुसरी बाजू कळेल. ‘ड्रीम सीन’ शेवटी ठेवा. त्यात दोन्हीकडचे आवाज फिरवून, उलटे करून, एकमेकांवर चढवलेले आहेत, आणि सुटे सूर आधी ओळखीचे झालेले असले तरच त्यात रस वाटतो. हे सगळं ऐकून झालं की मग पहिल्या शहनाईपासून अल्बम सलग लावा, आवाज जरा मोठा ठेवून. मुंबईचे तुकडे आले की वाद्यांच्या मागेही कान द्या, टॅक्सी सापडतात का पाहा.